मांडवाकडे फिरवलेला दिवा

४ जुलै

ठिणग्या,

लागला बाबा तुझा दिवा! वायरमनने आज येतो, उद्या येतो करत अखेर काल लावून दिला. मागच्या भिंतीवर, शेडच्या दाराच्या वर, तू सांगितलंस तिथेच. संध्याकाळी बटण दाबलं आणि अंगण असं लख्ख झालं की शेजारीण खिडकीतून डोकावून म्हणाली, "काय हो, लग्न काढलंय की काय घरात?"

फोन केला नाही म्हणून फुगू नकोस. फोनवर मला ऐकायला कमी येतं आणि तुला बोलायला कमी पडतं. पत्रात कसं, तू मधेमधे तोंड घालत नाहीस.

खरं सांगू का, दिवा राहिला बाजूला, मी बघत बसले ते भलतंच. आधी चिलटं आली, धुरासारखी. मग पंखवाल्या मुंग्या. मग हिरवे, पातळ, काचेच्या पंखांचे कुणीतरी, त्यांना काय म्हणतात देव जाणे. एक काळा भुंगा यायचा, भिंतीवर थाडकन आपटायचा, खाली उताणा पडून पाय झाडायचा, आणि जरा सावरला की पुन्हा तेच. मला तुझी फार आठवण झाली. एक पतंग तर हुबेहूब वाळकं पान, शिरांसकट. मी झाडूने ढकलायला गेले तर उडाला! दुसऱ्याच्या पंखांवर असं बारीक नक्षीकाम होतं की चहाचा कप हातात तसाच राहिला, गार होऊन गेला. अरे, एवढी प्रजा रोज माझ्या अंगणातून ये-जा करत होती आणि मला पत्ताच नव्हता!

शेडमधून ह्यांची हत्यारं चोरीला गेल्यापासून मागच्या दाराची कडी मी तीनतीनदा उठून बघायचे. काल एकदाच लावली आणि झोपले. तुझे उपकार मानायचे नाहीत असं ठरवलंय, नाहीतर डोक्यावर बसशील.

आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्यापासून लपवली होती. हे गेल्यावर बियाण्याच्या डब्याकडे माझं लक्ष राहिलं नाही. झाकण सैल होतं. उंदरांनी सगळं बी फस्त केलं. मूठभर उरलं होतं, ते सगळंच्या सगळं मी ह्या वर्षी पेरलं. वेल मांडवावर चढलेत, छान काळेभोर आहेत. ह्यांना आजोबांकडून आलेलं बी आहे रे ते, दुसरीकडे कुठे नाही. यंदा भोपळे लागले तर आहे, नाही लागले तर संपलं. म्हणून जरा जीव टांगणीला आहे.

तुझी ताई


११ जुलै

ताईसाहेब,

पहिली गोष्ट, पाकिटावर "ठिणग्या" लिहिणं बंद कर. दुकानात पत्रं आधी मदतनिसाच्या हातात पडतात. परवा त्याने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "शेठ, ठिणग्या कोण?" लहानपणी एकदा सॉकेटमध्ये खिळा घातला, त्याची शिक्षा जन्मभर भोगतोय.

दुसरी गोष्ट, किड्यांचं कौतुक पुरे. दिव्याचं कर! आमच्या दुकानातला सगळ्यात प्रखर आहे तो, दुधासारखा पांढरा. आणि किडे येतात हे तर दिव्याचं सर्टिफिकेट झालं. मी गिऱ्हाइकांना हेच सांगतो: दिवा जितका दमदार, तितके किडे जास्त. मिणमिणत्या पिवळ्या दिव्याकडे कुत्रं फिरकत नाही.

चोरीचं कळल्यापासून तुझी भावजय नीट झोपलेली नाही. "ताई एकट्या, मागे मोकळं रान," हेच घोकत बसते. तेव्हा आपला करार विसरू नकोस. दिवस मावळला की दिवा लागलाच पाहिजे, पहाटेपर्यंत. विजेचा विचार करून मालवलास असं कळलं, तर मी येऊन तुला उचलून इकडे आणेन. वरची खोली रिकामीच आहे.

बियाण्याचं मात्र दोनदा वाचलं. ताई, हे मला आधी सांगायचं नाही? भाऊजींच्या त्या भोपळ्यावर नुसतं बोट वाजवलं तरी आतून कुणीतरी "ओ" दिल्यासारखं वाटायचं. लांबलांबची तंबोरा वाजवणारी माणसं म्हणायची, तारा कुठल्याही घ्या, पोट मात्र ह्याच भोपळ्याचं हवं. मला त्यातलं काडीचं कळत नाही, पण तो आवाज अजून कानात आहे. जप त्या वेलांना. काय लागेल ते सांग, मी आहे.

तुझा (नाव लिहीत नाही, तू काय ते ठेवलंच आहेस)


२ ऑगस्ट

ठिणग्या (पाकिटावर नाही, आत लिहिलंय),

वेल फुलले. मांडवावर पांढरी फुलं अशी पसरलीत की सकाळी बघावं तर कुणीतरी रुमाल वाळत घातलेत वाटावं. भोपळ्यात दोन जातीची फुलं येतात. एक नुसतंच लांब देठाचं, ते नर. दुसऱ्याच्या खाली बोटाच्या पेराएवढा, लव असलेला इवलासा भोपळा जन्मतःच असतो, ती मादी. ती आली की वर्षाचं काम झालं, असं हे म्हणायचे. वेलाचं सगळं हेच बघायचे. मला भोपळे हातात यायचे ते वाळलेले. आतून खरवडायचे, घासायचे, चकाकी आणायची, एवढंच माझं खातं.

पण इवलासा भोपळा मोठाच होत नाही रे. पिवळा पडतो, सुकतो आणि गळतो. एक गळला तेव्हा म्हटलं, असेल. आता रोज मांडवाखाली पडलेले असतात. बियाण्याच्या दुकानातला म्हणाला, खत कमी पडलं. घातलं. मग म्हणाला, पाणी जास्त झालं. कमी केलं. आता तो मला बघितलं की मागच्या खोलीत जातो.

दिव्याची हकीकत मात्र ऐकच. भिंतीवरची सभा दिवसेंदिवस वाढतेय. पाल एवढी फुगलीय की तिला आता पळवत नाही. पायरीखाली एक बेडूक येऊन बसतो, तोंड उघडलं की जेवण. बसल्या जागी वाढलं जातंय, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. परवा सोनेरी ठिपक्यांचा एक पतंग आला, माझ्या बाहीवर बसला. त्याच्या मिशा कंगव्यासारख्या होत्या, दातेरी. मी श्वास रोखून धरला. एवढ्याशा जिवाला एवढं दागिन्यांचं काम कुणी केलं असेल, आणि कुणी बघावं म्हणून? मन कसं भरून येतं, आणि वळून मांडवाकडे बघितलं की तितकंच खचतं.

तुला काही सुचतंय का?

ताई


९ ऑगस्ट

ताई,

सुचतंय म्हणजे काय, कळलंच! तुझ्या घराच्या मागे ते मोठं झाड आहे ना, त्याची दुपारनंतर मांडवावर सावली पडते. मागच्या खेपेला मीच बघितलंय. झाडाला काय लागतं? उजेड. शाळेत शिकलोय आपण. तुझ्या वेलांना उजेड कमी पडतोय, दुसरं काही नाही.

तेव्हा आता असं कर. वायरमनला बोलाव आणि भिंतीवरच्या दिव्याचं तोंड सरळ मांडवाकडे फिरव. शिवाय मी आजच आणखी एक तसाच दिवा पार्सलने पाठवतोय, तो समोरच्या खांबाला लाव, त्याचंही तोंड मांडवाकडे. दिवसा सूर्य, रात्री मी! बघ कसे भोपळे लटकतात ते.

भावजय म्हणते, वेलांना रात्री झोप नको का? मी म्हटलं, तू स्वयंपाकघरातलं बघ. दोन दिवस मला अळणी आमटी मिळतेय, पण शास्त्र ते शास्त्र.

तुझा भाऊ


२३ ऑगस्ट

शास्त्रीबुवा,

केलं सगळं. दोन्ही दिवे मांडवाकडे. मांडव असा झगमगतोय की लांबून बस थांबते म्हणे, कुणाला वाटतं स्टॉप आहे. आणि सगळी प्रजा भिंत सोडून तिकडे लोटलीय. दिव्यांभोवती असे गरगरतात की खाली उभं राहवत नाही. डोळ्यांत जातात, नाकात जातात, परवा एक तोंडातही गेला. तुझ्याशी भांडायला तोंड उघडलं होतं, त्याचं फळ.

भोपळे? एकही नाही. आधी निदान चार-पाच दिवस हिरवे तरी राहायचे, आता फूल मिटलं की लगेच पिवळे. आणि आता वेलांचा जोरही ओसरायला लागलाय. खालची पानं वाळतायत. फुलं येतील ती महिनाभर, फार तर. मग संपलं.

सकाळी मी दिव्यांखालचं झाडते. सुपलीभर निघतात, पंख झडलेले, भाजलेले. काल त्यात एक पतंग होता, एवढा मोठा की मला आधी चिमणीचं पिल्लू वाटलं. राखाडी अंग, पोटावर गुलाबी पट्टे. तोंडाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी होती. मी टाचणीने हळूच उलगडली. जीभ होती ती! माझ्या मधल्या बोटाहून लांब. मी कितीतरी वेळ ते हातात धरून बसले. एवढी लांब जीभ कुणाला कशासाठी लागत असेल? तुझी गोष्ट वेगळी.

फेकवला नाही. काडेपेटीत कापूस घालून ठेवलाय.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

किडे फार झाले असतील तर फवारणी कर, औषध मी पाठवतो. माती तपासून घे. आणि धीर सोडू नकोस, दिवे तर मुळीच बंद करू नकोस. तुमच्या बाजूला पुन्हा घर फुटल्याचं पेपरात वाचलं. भोपळ्यांचं काय व्हायचं ते होवो, तू मला हवी आहेस.

घाईत आहे, दुकानात माल उतरतोय.

तुझा भाऊ


६ सप्टेंबर

ठिणग्या,

हे पत्र नीट बसून वाच. माल उतरत असेल तर उतरू दे.

मंगळवारी संध्याकाळी दिवे लावले आणि फट् झालं. दिव्याच्या आवरणात एवढे किडे जाऊन बसले होते की आतून जळलं, घराचा फ्यूजही उडाला. घरातही अंधार, अंगणातही. वायरमन म्हणाला, उद्या. घरात उकडत होतं, म्हणून ह्यांचं जुनं स्टूल ओढलं आणि मांडवाखाली बसले. मनात तुला शिव्या चालू होत्या.

अजून पुरता अंधार पडला नव्हता. समोर एक कळी होती, पिळून ठेवलेल्या ओल्या कपड्यासारखी. माझ्या डोळ्यांदेखत ती सैल झाली रे! पीळ सुटला, एक पाकळी थरथरून बाजूला झाली, मग दुसरी. इतकी वर्षं ह्या घरात काढली आणि भोपळ्याचं फूल संध्याकाळी उमलतं हे मला माहीत नव्हतं. सकाळी उघडलेली दिसायची, म्हणून समजत होते सकाळीच उमलतात. एक झालं, मग पलीकडचं, मग वरचं. थोड्या वेळाने डोळे सरावले आणि सगळा मांडव पांढरा दिसायला लागला. दिव्यात कधी एवढा पांढरा दिसला नव्हता.

मग गालाला वारा लागला. मला कमी ऐकू येतं, तरी ती गुणगुण अंगाला जाणवली. तो आला. काडेपेटीतलाच, पण जिवंत. फुलावर बसलाच नाही! हवेत एका जागी थांबला, पंख दिसतच नव्हते इतके जोरात, आणि ती लांब जीभ उलगडून फुलात घातली. खोल. माझ्या हाताच्या अंतरावर. हलायची माझी छाती नव्हती. एका फुलातून निघाला तेव्हा त्याच्या तोंडाला पिवळी धूळ लागलेली. तसाच दुसऱ्या फुलाकडे गेला. त्या फुलाखाली इवलासा भोपळा होता.

तेव्हा कुठे मला उमगलं. ही फुलं सकाळी उन्हं आली की मिटतात. मधमाशी येते तेव्हा ती मलूल झालेली असतात. त्यांना भेटायला येणारा हाच. आणि तो दोन महिने आपल्या दिव्यांवर डोकं आपटून मरत होता. मांडवाच्या इतक्या जवळ येऊन! आपण उजेड मांडवाकडे फिरवला, आणि फुलं तशीच वाट बघत मिटत राहिली. एवढं सगळं जग, त्याची वेळ ठरलेली, जिभेची लांबी फुलाच्या खोलीएवढी, आणि कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही. मी हात जोडले, कुणाला ते मला ठाऊक नाही.

आणि हे. रोज तिन्हीसांजेला हातातलं काम टाकून ह्याच स्टुलावर येऊन बसायचे. मी जन्मभर बोलले त्यांना, कामं पडलीत आणि तुम्ही कसली समाधी लावता? म्हणायचे, "जरा बसतो." बस्स, एवढंच. एकदा तरी "ये, बघ" म्हणायचं की नाही? का म्हणाले असतील आणि मीच हात ओले आहेत म्हणून गेले नसेन? आठवत नाही. मी अंधारात खूप रडले, पण त्या पतंगाने काही मनावर घेतलं नाही, तो आपला फुलं करत राहिला.

वायरमन आला होता. घरातला फ्यूज घातला. बाहेरचे दिवे नको म्हटलं. तू रागावशील, रागाव. फुलं थोडीच उरलीत.

ताई


१२ सप्टेंबर

ताई,

रागावलोच आहे. तू सगळं छान लिहिलंस, भावजयीने डोळे पुसले, पण माझा रक्तदाब वाढला. मागे रान, हातात काठी नाही, कानाला ऐकू येत नाही, आणि ही बाई अंधारात स्टुलावर बसते! चोराने काय तुझ्या पतंगाला विचारून यायचं?

पराग एका फुलाचा दुसऱ्याला लागायला हवा, एवढंच ना? मग हाताने लाव की! मी इथे एका माळ्याला विचारलं. नर फूल तोडायचं, मादीच्या फुलावर घासायचं, झालं. दिवे चालू ठेवून आरामात करता येईल. उलट उजेडात नीट दिसेल.

आणि खरं सांगू? मी तुझं भलं करायला गेलो आणि तुझ्या बियाण्याच्या मुळावर उठलो, हे मला गिळवत नाहीये. म्हणून बहुतेक जास्त ओरडतोय.

रविवारी येतोय. हत्यारांची पेटी घेऊन. दिवे दुरुस्त करून, लावून, मगच परत जाईन. उगाच गोडधोड करून मला विरघळवू नकोस.

तुझा भाऊ


२३ सप्टेंबर

ताई,

घरी पोचलो. निघताना सांगायचं राहिलं ते सगळं आता लिहितो.

मी भांडायच्या तयारीने आलो होतो, तुला माहीत आहे. शिडी लावली, दिवा उघडला आणि आतून ओंजळभर पंख खाली सांडले. नुसते पंख. मी दिवे विकतो, उघडून परत बघायला जात नाही. तिथेच माझा अर्धा जोर गेला. मग हाताने पराग लावायला गेलो, तर मादी फुलं बहुतेक मांडवाच्या वरच्या अंगाला. मी चढलो तर मांडव करकरला आणि तू खालून ओरडलीस, "उतर, तुझ्या वजनाने वेल जातील!" उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, मांडवावरून अवघड.

मग तू मला स्टुलावर बसवलंस आणि माझं मनगट धरून ठेवलंस, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचीस तसं. मला वाटलं, पाच मिनिटं बसू आणि दिवा लावू. अंधार पडायला लागला तसा मला खरंच घाम फुटला, ताई. मला अंधारात बसायची सवयच नाही. दुकान झगमगीत, घर झगमगीत, गल्लीत माझेच दिवे. आणि मग तुझ्या डोक्यावर एक फूल उघडलं. मग माझ्या कानाजवळून तो गेला.

तू पत्रात लिहिलं होतंस, मला वाटलं ताईने मीठमसाला लावलाय. तू कमीच लिहिलं होतंस! तो हवेत थांबला तेव्हा मला वाटलं माझंही काळीज तिथेच थांबलं. आणि तू तुझ्या हनुवटीने वर दाखवलंस, तर दोन आणखी, मग मांडवाच्या टोकाला आणखी कितीतरी, आणि त्यांच्या वर सगळं आकाश, चांदण्यांनी खच्चून भरलेलं. ते आकाश मी लहानपणी बघितलं होतं. मला वाटलं होतं, ते आता नसतं.

दोन्ही दिवे मी परत आणलेत, बसमध्ये मांडीवर घेऊन. तुझ्या पुढच्या दाराला जो लावून आलोय तो छोटा आहे, पिवळा, वर टोपी, उजेड फक्त पायरीवर. कुणी दाराशी आलं तरच लागेल आणि आपला आपण विझेल. त्या पिवळ्याला किडे फार भुलत नाहीत, एवढं शास्त्र मला आधीही ठाऊक होतं. त्याला मी मिणमिणता म्हणायचो. कुंपणाला काटेरी तार आणि मागच्या दाराला नवं कुलूप बसवलंय, किल्ली फडताळात आहे. वरच्या खोलीचं मी आता बोलणार नाही.

काल एक बाई दुकानात आल्या, बागेसाठी सगळ्यात प्रखर दिवा द्या म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, "बागेत काय लावलंय?" मदतनीस माझ्याकडे बघतच राहिला.

ज्या मादी फुलात तो जीभ घालताना आपण दोघांनी बघितलं, त्याचं काय झालं? लगेच कळव. फोन केलास तरी चालेल, मी मोठ्याने बोलेन.

तुझा ठिणग्या


६ ऑक्टोबर

ठिणग्या,

मुद्दाम थांबले होते. कच्च्या बातमीवर तुला नाचवायचं नव्हतं.

आपण बघितलेलं फूल गेलं. तू गेलास त्याच्या दोन दिवसांनी त्याखालचा भोपळा पिवळा पडला. मी तुला काही लिहिलं नाही, जेवलेही नाही त्या दिवशी. त्याच्या शेजारचाही गेला. पानं तर भराभर वाळत होती. रोज संध्याकाळी जाऊन बसायचे आणि पतंगाला म्हणायचे, बाबा रे, तू तुझं काम चोख करतोस, उशीर आमच्याकडून झालाय.

मांडवाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, पानांआड, एक होता. मला दिसलाच नव्हता. वाळकी पानं काढताना हाताला लागला. लिंबाएवढा, हिरवागार, देठ घट्ट. मी पान परत होतं तसं ठेवलं आणि कुणाला बोलले नाही. हे म्हणायचे, कोवळ्या फळाकडे बोट दाखवू नये, ते लाजून कुजतं. मी हसायचे त्यांना. आता मी त्या कोपऱ्याकडे नुसती नजरही तिरकी टाकायचे. लिंबाचा पेरू झाला. पेरूचा नारळ झाला. काल मी दोन्ही पंज्यांनी वेढून बघितला तर बोटं एकमेकांना पोचली नाहीत.

धरलं रे! एक धरलं. नंतरच्या फुलांतले आणखी दोन आहेत, लहान, त्यांचं अजून सांगवत नाही. पण तो मोठा आता जात नाही. वेल वाळेपर्यंत तो तिथेच राहील, मग देठ सुकला की काढीन. अख्ख्या वर्षात एक, म्हणशील. एकाच्या पोटात केवढं बी असतं तुला कल्पना आहे का? त्यातून पुढच्या साली सगळा मांडव. मी भोपळ्याला गाल लावून बसले होते, थंडगार लागला. सांगितलं त्याला, तुझ्या घराण्याचा तू एकटाच, जपून राहा.

भीती गेली असं म्हणत नाही. पहिल्या दिवशी पुढच्या दाराचा दिवा आपोआप लागला तेव्हा मी काठी घेऊन धावले, तर शेजारणीचं मांजर. दिवा आपल्याच स्वागताला लागलाय असं त्याला वाटलं आणि ते ऐटीत बसून राहिलं.

फुलं आता संपत आलीत. रोज चार-दोन उमलतात, आणि त्या चार-दोनसाठीसुद्धा तो येतो. मी वेळेवर जाऊन बसते. काल अंधार पडला आणि कुंपणापलीकडून शेजारीण हाका मारायला लागली, "अहो, एवढ्या काळोखात एकट्या काय करताय?"

मी म्हटलं, "हळू बोला, पाहुणे जेवतायत."

ताई